ज्या वाक्यावरून मी उडी मारली

मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीला आलो, कारण घर इथे बांधलेलं होतं. आता वय चौऱ्याहत्तर. चार वर्षांपूर्वी बायको गेली. सकाळचा चहा मी अजून दोघांच्या भांड्यात करतो, कारण लहान भांडं कुठे ठेवलंय ते तिलाच माहीत होतं.

सतरा वर्षांपूर्वी माझी सही असलेल्या एका अहवालामुळे आमच्याच महाविद्यालयातल्या एका मॅडमांची पीएचडी गेली. त्यांनी दुसऱ्याच्या प्रबंधातून मजकूर उचलला, असं त्या अहवालात होतं. त्यांनी काहीही उचललं नव्हतं. हे मला कधी कळलं आणि त्यातलं किती मला तेव्हाच कळायला हवं होतं, ते आता नीट लिहून ठेवतो.

मॅडम समाजशास्त्र शिकवायच्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक. मोर्शीकडच्या संत्रा बागांत काम करणारी माणसं, हा त्यांचा विषय. शनिवारी दुपारचे तास संपले की त्या अमरावतीची गाडी पकडायच्या, तिथून मोर्शी, आणि सोमवारी सकाळी थेट वर्गावर हजर. हंगामात पिशवीभर संत्री स्टाफरूमच्या टेबलावर ठेवायच्या. आम्ही खायचो, साली खिडकीत ठेवायचो, आणि त्या शनिवार-रविवारी तिकडे नेमकं काय करतात हे कोणी विचारायचो नाही.

एक प्रसंग आधी सांगायला हवा. माझी एक प्रश्नपत्रिका स्टाफरूममध्ये पडली होती. मॅडमांनी ती चाळली आणि सहज म्हणाल्या, "सर, ही मागच्या वर्षीची इथे राहिली वाटतं." ती त्याच वर्षीची होती. पाच प्रश्न मी जसेच्या तसे ठेवले होते, आकडेसुद्धा बदलले नव्हते. सगळे हसले. एक जण म्हणाला की आमच्या सरांचं संख्याशास्त्र सनातन आहे. मॅडम ओशाळल्या, माफी मागितली आणि पुढच्या तासाला निघून गेल्या. त्या विसरल्या असतील. मी ते वर्षभर मनात ठेवलं.

पुढच्या वर्षी तक्रार आली. अमरावतीच्या एका प्राध्यापकाचं म्हणणं होतं की त्यांच्या दोन वर्षं आधीच्या प्रबंधातला मजकूर मॅडमांनी घेतला आहे. विद्यापीठाने महाविद्यालयाला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं. तिघांची समिती झाली. प्राचार्य अध्यक्ष, दुसरे एक ज्येष्ठ प्राध्यापक, जे बैठकीत फक्त मान हलवायचे, आणि तिसरा मी. मला घेतलं कारण महाविद्यालयात प्रोग्राम लिहिता येणारा मी एकटाच होतो. आता असल्या कामाला तयार सॉफ्टवेअर मिळतं. तेव्हा आमच्याकडे नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "तुमच्या मशीनला विचारा, किती सारखं आहे ते." पहिल्याच बैठकीत ठरलं की सलग एका पानापेक्षा जास्त मजकूर जुळला तर ती नक्कल धरायची.

काम काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. फुलांचे दोन लांब हार समोर आहेत असं समजा. दोन्हींत झेंडू, शेवंती, गुलाब, आपापल्या क्रमाने ओवलेले. दोन्ही हारांत सर्वांत लांब असा एकसारखा पट्टा शोधायचा. अगदी तंतोतंत नको. मधे एखादं फूल वेगळं असेल, एखादं गळलेलं असेल, एखादं जास्तीचं असेल, तरी चालेल. जो उचलतो तो थोडं इकडचं तिकडे करतोच. म्हणून तंतोतंत शोधून भागत नाही, जवळपास सारखं शोधावं लागतं.

पहिल्यांदा मी सरळ मार्गाने गेलो. एका प्रबंधातला प्रत्येक शब्द दुसऱ्यातल्या प्रत्येक शब्दासमोर ठेवायचा, त्याचा एक प्रचंड तक्ता करायचा, आणि त्यात तिरप्या रेषेत जुळणी शोधत जायचं. ही रीत बरोबर आहे, पण प्रबंध दोन-अडीचशे पानांचे होते. लॅबमधलं यंत्र सकाळी सुरू केलं, ते दुपारपर्यंत थिजलं. दोन दिवस हाच प्रकार.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. वीस शब्दांच्या पट्ट्यात दोन फरक चालणार असतील, तर त्या पट्ट्याचे तीन तुकडे पाडा. दोन फरक फार तर दोन तुकडे बिघडवतील. तिसरा तुकडा जसाच्या तसा राहणारच. म्हणजे सगळं सगळ्याशी ताडून बघायची गरजच नाही. एका प्रबंधातले सहा-सहा शब्दांचे सगळे तुकडे काढायचे, शब्दकोशासारखे अकारविल्हे लावायचे, आणि दुसऱ्या प्रबंधातले तुकडे त्या यादीत शोधायचे. जिथे तंतोतंत सापडेल तिथे थांबायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत जायचं, फरक मोजत. शेवटच्या सत्तर शब्दांतल्या फरकांचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की तो पट्टा तिथे संपला. विरामचिन्हं आधीच काढून टाकली, ती मधे नुसती अडथळा करतात. बोलीतली आणि पुस्तकी रूपं एकच धरावीत म्हणून एक छोटी यादीही जोडली.

जे यंत्र दोन दिवस हललं नव्हतं, त्याने चहा येईपर्यंत उत्तर दिलं. मी फार खूश झालो. इतका खूश की काय शोधतोय आणि कोणासाठी, हे काही दिवस डोक्यातून गेलंच. घरी बायकोला हार आणि तुकडे समजावून सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या मॅडमांनी केलं का तसं?" मी म्हणालो, ते अजून पाहायचंय.

दहा शब्दांमागे एक फरक, अशी मर्यादा मी धरली होती. त्या मर्यादेत सर्वांत लांब पट्टा पाऊण पानाचा निघाला. त्याच्यानंतरचा त्याच भागातला, तोही पाऊण पानाच्या आसपास. दोन्हींत विषय एकच: संत्र्याला ताण देणं. बहार यावा म्हणून बागेचं पाणी काही आठवडे तोडतात, झाड तहानलं की पुन्हा पाणी सुरू करतात, त्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. दोन्ही पट्ट्यांच्या मधे पंधरा शब्दांचं एक वाक्य होतं, जे फक्त मॅडमांच्या प्रबंधात होतं. माझा प्रोग्राम तिथे अडला होता.

प्राचार्यांना आकडा दाखवला. एका पानाच्या आत. नियमाप्रमाणे मॅडम सुटत होत्या. प्राचार्यांनी कागद दोन वेळा उलटला आणि म्हणाले, "थोडं सैल करून पाहा ना. मधे एवढंसंच तर आहे." तक्रार करणाऱ्यांचे मार्गदर्शक विद्यापीठात वजनदार होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण सगळं प्राचार्यांवर ढकलणार नाही. त्यांनी म्हटलं आणि मला बरं वाटलं. मी लॅबमध्ये गेलो आणि दहामागे एकाचं सहामागे एक केलं. तरी अडलं. मग चारमागे एक केलं. प्रोग्रामने त्या पंधरा शब्दांवरून उडी मारली, दोन्ही पट्टे जोडले, आणि दोन्ही टोकांना असंबद्ध मजकूरही चिकटवून घेतला. दोन पानं.

अहवालात मी लिहिलं: संगणकीय तपासणीत दोन पानं सलग मजकूर जुळतो. मर्यादा किती धरली ते लिहिलं नाही. ती उत्तर पाहून बदलली, हेही लिहिलं नाही. माझ्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकाच्या वहीत असं केलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

चौकशीच्या दिवशी मॅडमांपुढे आम्ही प्रोग्रामने छापलेला मजकूर ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, हे माझं लिखाण नाही, हे मोर्शीच्या एका म्हाताऱ्या बागवानाचं बोलणं आहे, प्रबंधात मी ते अवतरणात दिलंय, त्याचं नाव दिलंय. छापील कागदावर अवतरणचिन्हं नव्हती. ती मीच काढली होती. प्राचार्य म्हणाले, "अवतरणचिन्हं घातली म्हणून उचललेलं आपलं होत नाही, मॅडम." मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"सर, एकदा मोर्शीला चला. बाबाजी सगळ्यांना हे याच शब्दांत सांगतात. तुम्ही स्वतः ऐका आणि मग लिहा."

मी म्हणालो की समितीचं काम कागदांवर चालतं.

पुढचं लवकर झालं. प्रबंध नामंजूर झाला. जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. मोर्शी अकोल्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पुढच्या सोळा वर्षांत मी तिथे गेलो नाही.

गेल्या जानेवारीत गेलो, तेही वेगळ्या कारणाने. बायकोच्या नात्यातले एक गृहस्थ वारले होते, त्यांची तेरवी होती. जेवणं झाल्यावर माझ्याशी बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. यजमानांनी विचारलं, बाग पाहता का? त्यांना दुसरे पाहुणे आले, म्हणून मी एकटाच मागे गेलो. झाडांची पानं गुंडाळली होती, बरीचशी पिवळी पडून खाली आली होती. जमिनीला भेगा. पन्नाशी ओलांडलेली एक बाई धुऱ्यापाशी, म्हणजे बागेच्या बांधापाशी, काम करत होती. बागेचं पाणी तिच्याकडे असतं, असं यजमानांनी सांगितलं होतं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की झाडं वाळून राहिली का?

ती हसली. "वाळून नाही राहिली, काकाजी. ऐकून राहिली."

हे मी आधी वाचलं होतं. कुठे, ते आठवायला क्षणही लागला नाही. 'पान पिवळं पडून गळाले लागलं की समज, झाड आता ऐकून राहिलं.' छापील कागदावरची बारावी की तेरावी ओळ.

ऊन चढलं होतं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, तिचं झाकण मी फिरवलं. तिने खुरपं खाली ठेवलं.

"इथं नका पेऊ. धुऱ्यावर जा."

मी विचारलं, का?

"तहानेल्या झाडासमोर पाणी पेत नसतात. आपण त्याचं तोडलं ना? मंग त्याले दाखवून काहून प्याचं?"

मी धुऱ्यापलीकडे गेलो. पाणी प्यालो नाही. झाकण लावून परत आलो आणि तिला म्हणालो, तुम्हाला कोणी शिकवलं, ते सगळं सांगता का? तिला काही विशेष वाटलं नाही. तिने पदर खोचला आणि सुरुवातीपासून म्हणायला लागली. सांगायला नाही, म्हणायला, शाळेत पाढे म्हणतात तसं. पहिले पाणी तोडजो. पाणी तोडलं म्हणून झाडाले सोडून नको देजो, रोज एक चक्कर मारजो. हलकी जमीन लवकर तहानते, भारी जमीन उशिरा तहानते, शेजाऱ्याचं पाहून घाई नको करजो. पान मलूल झालं तर भिऊ नको. मग ते ऐकून राहिलं, आणि त्याच्या पुढे ते वाक्य: झाड तहानेलं आहे तोवर त्याच्याखाली जेवाले नको बसजो, त्याच्यासमोर पाणी नको पेजो, धुऱ्यावर जाऊन पेजो. आणि मग पुढे जशाच्या तशा दुसऱ्या पट्ट्यातल्या ओळी, पहिलं पाणी हलकं देजो, एकदम पोटभर देशील तर झाड पानावर जाईन, फुलावर येणार नाही.

एका ठिकाणी ती श्वास घ्यायला थांबली आणि पुढची ओळ माझ्या तोंडून निघाली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी बी बाबाजीजवळ शिकले का?"

मी मान हलवली. त्याचा तिने काय अर्थ घेतला कोण जाणे. मग तिनेच सांगितलं. बाबाजींच्या बागेत पाण्यावर माणूस ठेवायचा तर आधी हे सगळं त्याच्याकडून म्हणून घेत. एक ओळ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. लिहून देत नसत, त्यांना लिहिता येत नव्हतं. जो विचारायला येईल त्याला हेच, याच शब्दांत. अमरावतीचे एक सर आले होते, ते एका दिवसात लिहून घेऊन गेले. "ते पाणी नको पेजोवालं आलं तं हसले. मने, हे राहू द्या, बाकीचं सांगा." आणि अकोल्याची एक बाई होती, ती हंगामभर येत राहिली. तिला बाबाजींनी बाकीच्यांसारखंच म्हणायला लावलं. दोनदा तिची तीच ओळ सुटली, तिसऱ्यांदा नाही सुटली. नंतर ती यायची बंद झाली. बाबाजी वारून आता दहा-बारा वर्षं झाली.

अमरावतीला परतताना गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

मॅडमांच्या प्रबंधाची चौकशीसाठी काढलेली झेरॉक्स प्रत माझ्याकडे राहून गेली होती. दुसरा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला. प्रोग्राम कधीच गेला होता, त्याची गरजही नव्हती. मी रोज सकाळी ग्रंथालयात जाऊन बसायचो आणि ती पानं हाताने उतरवायचो. आठ दिवस लागले. तीन रकाने केले: एकात तो प्रबंध, एकात मॅडमांचा, एकात मोर्शीच्या बाईचं म्हणणं, जितकं मला टिपून ठेवता आलं होतं तितकं. पहिल्या रकान्यात ते वाक्य नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतं. आणखी दोन बारीक जागी तसंच. मॅडमांनी त्या प्रबंधातून उतरवलं असतं तर जे त्यात नाहीच ते त्यांच्याकडे कुठून आलं असतं? ते बाबाजींकडूनच आलं होतं. जुळणाऱ्या शब्दांनी एवढंच दाखवलं की दोघांनी एकाच माणसाला ऐकलं. कोण किती बसून ऐकत होतं, ते न जुळणाऱ्या शब्दांत होतं. आणि ते मी फरक म्हणून मोजून बाजूला टाकलं होतं. त्या दुसऱ्या प्रबंधात बाबाजींचं नाव कुठेच नाही, हेही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मी एक निवेदन लिहिलं. चार पानांचं. मर्यादा कशी बदलली, कोणाच्या म्हणण्यावरून, त्यात माझा आकस किती होता, प्रश्नपत्रिकेचा प्रसंग, सगळं. विद्यापीठात देण्याआधी ते मॅडमांना दाखवणं भाग होतं. जुन्या शिपायाकडून नंबर मिळाला. त्या आता सासरी, हिवरखेडला असतात, असं कळलं. फोनवर मी नाव आणि काम सांगितलं. मग त्यांनी, यायचं तर शनिवारी या, एवढंच म्हटलं.

अकोला, अकोट, हिवरखेड. अकोल्याच्या स्टँडवर तासभर बसलो, ओळखीचं एकही माणूस दिसलं नाही. ज्या गावात उभा जन्म काढला तिथे कोणी हाक मारली नाही, हे मला जरा लागलंच.

मॅडमांचे केस पिकले आहेत. घरची शेती आहे, दोन एकर संत्रा त्या स्वतः पाहतात. गावातल्या मुलींना दहावी-बारावीचं शिकवतात. त्यांचे यजमान शेतावर गेले होते, की मुद्दाम गेले होते, कळलं नाही. मॅडमांनी चहा दिला आणि निवेदन हातात घेतलं. अकोल्याला त्या माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायच्या. आता नाही. चारही पानं त्यांनी सावकाश वाचली, एकदा मागे जाऊन पुन्हा वाचली.

"बाबाजी बाहेर बसले होते, ते याच्यात नाही आहे, सर."

वर चौकशीच्या दिवसाबद्दल लिहिताना मी एक गोष्ट गाळली. निवेदनातही गाळली होती. ती अशी. मी मोर्शीला यायला नकार दिल्यावर मॅडमांनी समितीला सांगितलं होतं की बाबाजीच दुपारच्या गाडीने येताहेत, निदान त्यांचं ऐकून घ्या. प्राचार्य बरं म्हणाले होते. मॅडमांना आम्ही स्टाफरूममध्ये थांबायला सांगितलं आणि चहासाठी मधे थांबलो. मी बाहेर आलो, तर केबिनबाहेरच्या बाकावर धुतलेलं धोतर नेसलेला एक म्हातारा बसला होता, टोपी मांडीवर. मला पाहून उठला. "साहेब, मले कवा बोलावता? मी मोर्शीहून आलो. मले म्हणून दाखवाचं आहे." मी त्यांना बसा म्हणालो. ते बसले. मी आत गेलो. प्राचार्यांनी विचारलं, आला का त्यांचा तो माणूस? मी म्हणालो, नाही.

एक शब्द. का म्हणालो, याचं उत्तर मी सतरा वर्षं वेगवेगळं देत आलो आहे. उशीर झाला होता, प्राचार्य घाईत होते, खेडूत म्हाताऱ्याने काय फरक पडणार होता. खरं कारण असं की अहवाल लिहून तयार होता, त्यातल्या युक्तीचा मला अभिमान होता, आणि तो म्हातारा आत आला असता तर ती युक्ती मोडली असती. हे कोणी पाहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाबाजीनंच. उंच सर होते मने, चष्मा, हातात कागदाचा गठ्ठा. बसा म्हणाले. साडेपाचपर्यंत बसले ते. मंग शिपायानं कुलूप लावलं." त्यांनी पानं टेबलावर सरळ केली. "मी रडली तं मलेच समजावलं त्याइनं. साहेब लोकाइले येळ नसल, मने."

मी माफी मागितली. त्या कप उचलून आत ठेवून आल्या. मग म्हणाल्या की इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, प्राचार्यांनीच बाबाजींना आत घेऊ नका म्हटलं असेल आणि मी फक्त निरोप्या होतो. आता कागदावर ते कुठेच नाही म्हटल्यावर, बाबाजींना बाहेर ठेवणारा मीच होतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

मी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

"पदवी पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमाले वाटलं असन, आता कायले. मले पाहिजे. गावात अजून लोक मनतात का शहरात चोरी करून आली. माझ्या पोरीच्या सोयरिकीत बी निघालं ते. तुमचं हे विद्यापीठात द्या. पण बाबाजीचं लिहून द्या."

त्यांनी पेन दिलं. सहीखाली जागा होती, तिथे मी लिहिलं. पुन्हा सही केली. त्यांनी वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. मी 'दुर्लक्ष झालं' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि 'मी खोटं बोललो' असं लिहिलं. मग त्यांनी त्या पानांचे फोटो काढून घेतले आणि शेवटच्या गाडीची वेळ सांगितली.

निवेदन मी सोमवारी नाही, मंगळवारी दिलं. एक दिवस घरात बसून राहिलो, ते का, हे लिहायला नको. आवक खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारला आणि विचारलं की आजोबा, ही तक्रार आहे का अर्ज? मी म्हणालो, दुरुस्ती आहे. त्याने अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवलं.

त्याला पाच महिने झाले. मधे दोनदा चौकशी करून आलो, फाइल फिरते आहे एवढंच कळलं. परवा मॅडमांचा फोन आला. विद्यापीठाने नवी समिती नेमली आहे, पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावलंय, आणि त्यांनी मोर्शीच्या त्या बाईला सोबत आणायची परवानगी मागून घेतली आहे. म्हणून दाखवायला. मी भराभर बोलायला लागलो. विद्यापीठ माझ्या घरापासून लांब नाही, तुम्ही दोघी इतक्या दुरून येणार, आधी इकडे या, जेवा, मग आपण तिघं मिळून जाऊ, समितीला काही विचारायचं असेल तर मी...

"तुमी येऊ नका, सर."

मी बरं म्हणालो.

"तुमचं लिहून देणं झालं. आता आमाले बोलू द्या." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "जेवणाचं राहू द्या. आमी डबा आणून राहिलो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कुठल्या इमारतीत आणि किती वाजता, हे मी विचारलंच नाही. पुन्हा फोन करून विचारता आलं असतं. केला नाही. कळलं असतं तर मी गेलो असतो.